हॉलच्या भिंतीवरचा तेलाचा डाग

अण्णा,

हॉलच्या भिंतीवरचा तुमच्या डोक्याचा डाग मी परवा झाकला. आता तो वर येणार नाही. तुम्ही असतात तर मिशीत हसला असतात, "बघू दिवाळीपर्यंत" म्हणाला असतात. नाही येणार अण्णा, लिहून देते. पण तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. चहा उतू जातो, रंगाच्या डब्याचं झाकण उघडंच राहतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटावे लागतात. तो डाग मात्र उघड्या डोळ्यांना रोज दिसायचा.

त्या डागापायी तुम्ही आईची किती बोलणी खाल्लीत! कामावरून यायचं, रॉकेलनं हात पुसायचे, आंघोळ करून डोक्यावर ओंजळभर खोबरेल थापायचं आणि बाकावर बसून डोकं मागं भिंतीला टेकायचं. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "सरका तिथून, डाग पडतो!" तुम्ही कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचात आणि तसूभर हलायचा नाहीत. गौरी-गणपतीच्या आधी तुम्ही स्वतः ती भिंत खरवडायचात, खड्ड्यांत लांबी भरायचात, डिस्टेंपरचे हात मारायचात. भिंत कोरी करकरीत. दिवाळीला फराळाला माणसं यायच्या सुमाराला तो पिवळट गोल पुन्हा हजर. शेजारच्या अक्का मुद्दाम विचारायच्या, "पेंटरच्याच घरी असं कसं हो?" तुम्ही हसून सोडून द्यायचात, पण तुमचे कान लाल झालेले मी पाहिले आहेत. अख्खं जयनगर तुमच्या हाताचं नाव काढायचं आणि घरची भिंत तेवढी ऐकायची नाही. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं तेल आहे हे," म्हणायचात.

मला तुम्ही शिडीला हात लावू दिला नाहीत. मुलीच्या जातीनं शिडी चढायची नाही, विषय संपला. घरी आणलेल्या दारा-खिडक्यांना पॉलिश करायला मात्र मी चालायची. बाटलीत स्पिरिट ओतून चपडी, ते तांबूस पातळ पापुद्रे, भिजत घालायची, दुसऱ्या दिवशी मलमलीच्या बोळ्यानं लाकडावर फिरवायची. तो वास अजून माझ्या नाकात आहे. एकदा चमक येते का बघावं म्हणून मी तोच बोळा गमतीनं दाराशेजारच्या भिंतीवर फिरवला, तर तुम्ही माझ्या हातावर चापट मारून बोळा खाली पाडलात. "लाकडाचं लाकडाला, भिंतीचं भिंतीला! कळत नाही तर हात लावू नये." लाकूड घासताना धूळ उडते म्हणून ओढणी नाकाला बांधली, तर म्हणालात, "नवरी आहेस का तोंड झाकायला? गूळ खा." आणि खिशातून गुळाचा खडा काढून दिलात. गुळानं धूळ पोटात उतरते, छातीत राहत नाही, असं तुमच्या सगळ्या पेंटर मंडळींचं म्हणणं. जन्मभर गूळ खाल्लात. दातही किडले आणि छातीही गेली. मला या एका गोष्टीचा तुमचा फार राग आहे, अण्णा. अजून आहे.

आता मी पेंटर आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्याच शिड्या बाहेर काढल्या. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्या बायका आहेत, एकजण तमिळ बोलते, बाकीच्या कानडी. इंदिरानगरच्या फ्लॅटवाल्या बायका आम्हाला आवर्जून बोलावतात, घरात त्या एकट्या असल्या तरी चालतं म्हणून. मध्यंतरी जे. पी. नगरमध्ये रंगाच्या दुकानदारानं वरच्या मजल्यावर पेंटर लोकांसाठी शिकवणी ठेवली होती, वेगवेगळ्या प्रायमरची. आम्ही गेलो. मागच्या बाकांवर तुमच्या वयाचे गडी हाताची घडी घालून बसलेले. "प्रायमर म्हणजे प्रायमर, पांढरं पाणी. त्यात काय शिकायचं?" शिकवणारा पोरसवदा, पण पक्का. नव्या गिलाव्याला एक प्रायमर, पोपडे सुटणाऱ्या भिंतीला दुसरा, काजळी आणि तेलाला तिसरा. साधा प्रायमर पाण्यातला, तेल त्याला जुमानत नाही, सावकाश वर चढतं, असं त्यानं समजावलं. मग तेल आतच अडवणारा तिसरा डबा उघडला. मी जागची उठून उभी राहिले. तोच वास! "यात काय घातलंय?" मी विचारलं. "लाख आहे अक्का, स्पिरिटमध्ये विरघळवलेली." चपडी, अण्णा! तुमच्या बाटलीतली चपडी! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. ज्या मोरीशेजारच्या फळीवर ती बाटली असायची, तिथून तुमचा बाक हाताच्या अंतरावर होता. मला हसावं की रडावं कळेना.

त्यानं मग सगळ्यांना मास्क वाटले. घासायच्या आधी मास्क, डबा उघडायच्या आधी मास्क, खिडक्या सताड उघड्या. मागच्या एका म्हाताऱ्यानं खिशातून गुळाचा खडा काढून वर धरून दाखवला आणि सगळा वर्ग खो खो हसला. मी नाही हसले. जेवायच्या सुट्टीत त्या म्हाताऱ्याला गाठून चांगलं झापलं. तो म्हणाला, "तुझं काय जातंय गं?" मी म्हटलं, "माझा बाप गेलाय." नंतर घासकाम चाललं तेव्हा त्यानं मास्क लावलेला दिसला, निदान तेवढा वेळ तरी.

घरी आले ती तोऱ्यातच. आई तिच्या खुर्चीत शेंगा सोलत बसली होती. मी म्हटलं, "आई, आता जगातला कुठला डाग असा नाही की जो मला बंद करता येत नाही." तिनं मान वर केली नाही. "मग तो कर," म्हणाली. पडले ना तोंडघशी! अहो, मला वाटायचं, तो डाग म्हणजे तिचा जीव की प्राण. इतक्या वर्षांत मी सगळं घर रंगवलं आणि बाकामागची भिंत तेवढी सोडून दिली, ती तिच्यासाठी. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. आणि आता म्हणते, कर.

मी टाळत राहिले. सामान आलं नाही, हवा दमट आहे, स्वल्प, थोडं थांब. ती प्रत्येक वेळी "सरी" म्हणायची. शेवटी एका दुपारी मी चिडून विचारलंच, "तुला अण्णांचं एवढंसुद्धा नको झालंय का गं?" तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुला तिथं अण्णा दिसतात. मला नाही दिसत गं. तू दिवसभर शाळेत असायचीस. शेवटी शेवटी खोकल्याची उबळ आली की ते डोकं मागं आपटायचे. ठक, ठक, ठक. मी मध्ये उशी धरायची, ती काढून टाकायचे. मला त्या भिंतीकडं बघितलं की तेवढंच ऐकू येतं. खुर्ची मी उगाच का फिरवून ठेवलीय?" आणि मी समजत होते, टीव्हीसाठी. एकाच घरात राहून, एकाच भिंतीकडं रोज बघून, मला यातलं काही कळलं नाही. तुम्ही तरी सांगायचंत ना, अण्णा! मला बघून उबळ दाबायचात का?

परवा केलं. आईला शेजारी बसवून आले. मास्क लावला. भिंत सोड्याच्या पाण्यानं धुतली, वाळवली, हलकीशी घासली. घासायच्या आधी मास्क खाली करून नाक भिंतीला लावलं. खोबरेलाचा वास येईल असं वाटलं होतं. काही नाही, नुसता जुना चुना. डागाच्या मध्यभागी गिलावा थोडा आत बसला होता, बोटाला कळेल एवढाच. डोळ्यांनी तो खळगा मला कधी दिसला नव्हता. तिथं बोट ठेवून मी बराच वेळ उभी राहिले आणि खूप रडले, पुन्हा चढवलेला मास्क आतून पार ओला झाला. मग लांबी भरली, ती सुकल्यावर प्रायमरचा पहिला हात दिला. दुसरा हात मारताना बोळा दिसत होता, माझ्या हातावरची चापट दिसत होती. भिंतीला चपडी लावली, अण्णा. रागावू नका.

वरचा रंग काल सुकला. आईनं दारातच उभं राहून भिंत नीट बघितली आणि खुर्ची माझ्याकडून फिरवून घेतली. आता ती बाकासमोर बसते. हे पत्र टाकायला कुठं पत्ता नाही. तुमच्या पॉलिशच्या रिकाम्या बाटलीखाली ठेवून देईन, ती अजून फळीवर आहे. एक मात्र सांगायचं राहिलं. आज कामावरून आले, आंघोळ केली, डोक्याला तेल चोपडलं, जरा जास्तच, आणि बाकावर बसून डोकं मागं टेकलं. खुर्चीतून आई खेकसली, "सरक तिथून, डाग पडतो!" तोच सूर, तीच चीड, तुमच्या आजारपणाच्या आधीची. मी "सरी, सरी" म्हटलं आणि हलले नाही.