मानवतच्या बँकेतलं बाकडं

केकरजवळा,
१२ जानेवारी २०२५

चि. प्रीतमला आईचा पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नको. मोबाइल कायम तुझ्या बापूंच्या खिशात असतो अन् हे त्यांच्यासमोर बोलता येत न्हाई, म्हणून लिहायले.

दिवाळीत तू बँकेच्या हरिओमला घरी मशीन घेऊन यायला सांगून गेलास. लय गुणाचा पोरगा हाय. ओसरीवर बसतो, माझा अंगठा घेतो, शाळेत खिचडी शिजवायचं मानधन हातावर ठेवतो, चहा पिऊन जातो. बाया म्हणतात, दैवशाला, नशीब काढलंस. मला तर रडूच येतंय.

मी मानवतला पैशासाठी जातच नव्हते रे. पिंकीनं आपल्या मनानं लग्न केलं, बापूंनी तिचं नाव काढायचं न्हाई म्हणून बजावलं. तवापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती बँकेत यायची. नंबर लागायची वाट बघितल्यासारखं करून आमी मायलेकी बाकड्यावर मनसोक्त बोलायचो. तुला सांगितलं न्हाई, कारण तू पडलास बापूंचं शेपूट! आता तिला सातवा असल. मशीन आल्यापासून मला घराबाहेर पडायला निमित्तच उरलं न्हाई. ती तिथं ताटकळत असल. काहीतरी कर बाबा.

तुझ्यावर राग न्हाई. लोभ हाय तसाच हाय.

तुझी आई

पुणे,
२१ जानेवारी २०२५

ती. आईच्या पायाशी प्रीतमचा नमस्कार.

बापूंच्या हाती पडू नये म्हणून शेजारच्या चांगुणाबाईंच्या पत्त्यावर लिहितोय. एस.टी.ची तुझी दगदग वाचवली म्हणून मी ऑफिसात केवढा मिरवलो होतो! आता स्वतःचीच चीड येते. पिंकीला फोन लावला, नंबर बंद आहे. लग्नानंतर मी तिला एकदाही फोन केला नव्हता, आई.

हरिओमशी बोललो. तो बापूंना सांगेल की मशीन तुझा अंगठा घेत नाही, मानवतलाच जावं लागेल. खोटं बोलायला आधी तयार नव्हता, पिंकीचं कळल्यावर कबूल झाला. तू पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी जा. डिंकाचे लाडू ने. भाऊ गाढव आहे म्हणून तिला सांग.

माया कमी करू नकोस.

तुझा प्रीतम

केकरजवळा,
४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतमला आशीर्वाद.

काल गेले होते. पिंकी न्हाई. बँकेच्या दारावरच्या वॉचमन भुजंगनं मला ओळखलं. म्हणाला, पोरगी तीन महिने येत होती, बँक बंद होईस्तोवर बसायची. शेवटी तिनं विचारलं, आईचे पैसे निघतात का. त्यानं भाबडेपणी सांगितलं की त्यांना आता घरपोच मिळतात, त्या कशाला येतील. त्यावर ती उठून गेली म्हणं. नवऱ्याबरोबर सुरतेला गेली एवढंच त्याला ठाऊक. मीही तिला टाकलं, असंच वाटलं असल रे तिला!

घरी आले. बापूंनी पिशवी हातात घेतली, लाडू तसेच, जड लागली. त्यांनी विचारलं, पोरगी भेटली न्हाई का. म्हणजे पहिल्यापासून त्यांना सगळं माहीत होतं. मग मशीन दारात आली तवा तोंड शिवलं होतं का, असं मी ओरडून विचारलं. जन्मात पहिल्यांदा ओरडले. ते म्हणाले, नाव काढू नका असं मीच बजावलेलं, पोरासमोर कोणत्या तोंडानं नको म्हणू. सकाळपासून ओसरीवर बसलेत.

माझ्यावर लोभ नसला तरी चालल. तिच्यावर असू दे. तिला शोध.

आई