कूलरचा स्टँड आणि माझे दोन मॅग्नेट

१३ मे, मंगळवार

लिहायचं राहिलं. होळीला दिल्लीच्या द्वारकेत काकांकडे आलो, तेव्हापासून एक ओळ नाही. आधी पेन नव्हतं, मग पेन होतं तर मूड नव्हता. जाऊ दे, इथे कोण वाचणारे? कंटाळा केला. पण आज इतका चिडलोय की लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

जयंतकाका हॉस्पिटलमध्ये आहेत. पेसमेकर बसवला. रविवारी घरी येणार. एसीनं त्यांना खोकला होतो, म्हणून त्यांच्या उशाशी खिडकीत कूलर लागतो, आणि कूलरचा स्टँड गंजून पडलाय. वासंतीकाकू म्हणाली, वेल्डरला बोलावते. मी म्हटलं, घरात वेल्डर असताना? तर म्हणते, कोण, तू? तीन महिन्यांत आयटीआय सोडलेला? हद्द आहे यार! शेवटी काकांनीच फोनवर सांगितलं, साकेतला करू दे, एक तरी गोष्ट पुरी करेल. काकूची अट: रविवारपर्यंत झाला नाही तर सोमवारी पुण्याची गाडी. म्हणजे बाबा. म्हणजे बाबांचं दुकान.

उद्या दुपारपर्यंत संपवतो.

१४ मे, बुधवार

संपला नाही. माझा दोष नाही. मशीन भाड्यानं आणायला गेलो, तिथे लडाखला निघालेला एक बाइकवाला भेटला. संध्याकाळ झाली.

पण बाणाच्या आकाराचे दोन मॅग्नेट आणले. लोखंडी अँगलच्या पट्ट्या काटकोनात अशा घट्ट धरतात की मदतीला माणूस लागत नाही. बरंच आहे, माणसांचा मला वैताग आलाय. एकानं माझी करंगळी चिमटली. रक्त. त्यालाही दोन शिव्या घातल्या.

काकांची मुलगी हेमांगीताई नोएडाच्या ऑफिसातून आली आणि पाकिटावरच्या सूचना मोठ्यानं वाचायला लागली. जणू मी तिचा इंटर्न. मॅग्नेट जोडाला अगदी खेटून ठेवू नका. आधी वेल्डचे छोटे टाके मारा, मग मॅग्नेट काढा, मग पूर्ण वेल्ड. काढायचाच तर लावायचा कशाला? शेवटची सूचना ऐकली नाही. खाली कुल्फीवाला आला होता.

१५ मे, गुरुवार

सकाळी मागच्या अंगणात काम सुरू. लगेच सोसायटीचा गार्ड हजर. भैया, यहाँ वेल्डिंग अलाउड नहीं है. मग काय, लोक कूलर डोक्यावर धरतात? अर्धा तास भांडलो. जिंकलो. मग चहा.

वेल्डिंगची ज्योत, म्हणजे आर्क, सरळ चालायचं नावच घेत नाही! जोड इकडे, ठिणग्या तिकडे. दिल्लीचं व्होल्टेज, दुसरं काय. ताई म्हणाली, अरे, मॅग्नेट खेटून ठेवलायस, तो आर्क ओढतोय. ही मार्केटिंगवाली मला आर्क शिकवणार! मॅग्नेट आणखी जवळ सरकवले. मुद्दाम.

काकू हॉस्पिटलमधून आली ती तोंड सोडूनच. ते तुझे लोहचुंबक काकांच्या खोलीत दिसता कामा नयेत, डॉक्टरांनी बजावलंय. पुढे पेसमेकरचं काहीतरी म्हणत होती, पण मी चिडलो की मला ऐकू येत नाही. माझ्या अवजारांवर बंदी! ठीक आहे. नाही नेणार खोलीत. शब्द म्हणजे शब्द.

१६ मे, शुक्रवार

स्टँड पूर्ण. जरासा तिरका आहे, पण पाणी निथळायला उतार हवाच.

एक मॅग्नेट निघाला. दुसरा निघत नाही. त्याच्या कडेवरूनच वेल्ड गेलंय. हातोडा मारला. लाथ मारली. अंगठा सुजला. डिझाइन म्हणून बघितलं तर कोपऱ्याला आधारच झाला. वरून चंदेरी रंग फासला. कळत पण नाही.

संध्याकाळी खिडकीत बसवला. मजबूत! काकांना फोटो पाठवला. त्यांनी सहा अंगठे पाठवले.

१७ मे, शनिवार. दुपार.

ताई खोलीत बेडशीट बदलत होती. खिडकीशी वाकली तशी तिच्या हातातली सेफ्टी पिन निसटली आणि खिडकीच्या गजांमधून जाऊन स्टँडला चिकटली. ताईनं पिनेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग मॅग्नेटचं ते पाकीट शोधून आणलं आणि शेवटची सूचना वाचली. या वेळी कुल्फीवाला नव्हता.

पेसमेकर असलेल्या व्यक्तीपासून लांब ठेवा.

मॅग्नेट काकांच्या उशीपासून वीतभरावर. तेही छातीच्या डाव्या बाजूला, जिथे पेसमेकर बसवलाय. मी म्हटलं, मग उशी पायथ्याला घेऊ. ताई जे बोलली ते लिहीत नाही. लिहिणाऱ्यांनी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहायला काय होतं? (मोठ्या अक्षरात आहे. लाल. बघितलं आत्ता.)

असो. घाबरायचं कारण नाही. स्टँड उतरवायचा, ग्राइंडरनं मॅग्नेट कापायचा, पुन्हा टाके मारायचे, या वेळी सूचनेप्रमाणे. काका उद्या येणार. अख्खा दिवस हातात आहे. आधी जरा लिहून घेतो, डोकं शांत होतं.

बेल वाजली. गार्ड असणार. आज सोडत नाही त्याला.

गार्ड नाही. काका आलेत. एक दिवस आधी सोडलं म्हणे. काकू मागून बॅग घेऊन येतेय, आणि काका चपला न काढता थेट खोलीकडे निघालेत. ताई ओरडतेय, बाबा, तिथेच थांबा! काका म्हणतायत, अगं सोड, साकेतनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलंय, जवळून बघू तर दे.