पॉलिश उडालेली जागा

सेक्टर ६, भिलाई
२१ ऑगस्ट १९८६

ती. वसूताईस शामचा सा. न. वि. वि.

तर फोन कटला तिथून पुढं सांगतो. स्टीरिओ बसला, ताई! तू तिकडून हॅलो हॅलो करून राहिली होतीस अन् मी इकडून हेच ओरडत होतो.

काका रिटायर होऊन तुझ्याकडं, लेकीकडं, नागपूरले राहाले आले, तेव्हा त्यांची दोन सीटची जुनी एमजी माझ्या भरवशावर ठेवून गेले. दर रविवारी मी तिले सिव्हिक सेंटरपर्यंत फिरवून आणतो. सगळे वळून वळून पाहतात. पण स्पोर्ट्स कार अन् गाणं नाही, हे काही जमत नव्हतं यार.

प्रॉब्लेम असा की त्या जमान्यात कॅसेटच नव्हती, तर डॅशबोर्डले खाचा कुठून असणार? अन् हा डॅशबोर्ड म्हणजे काकांनी त्यांच्या रेल्वेच्या लोको शेडमधल्या सुताराकडून बनवून घेतलेली सागवानाची एक अखंड फळी. एक पूर्ण रविवार मी पेन्सिल घेऊन बसलो. स्टिअरिंगच्या डाव्या हाताले एक जागा होती, तिथलं पॉलिश पार उडून गेलं होतं, लाकूड उघडं पडलं होतं. म्हटलं, खराब आहेच, इथंच कापू. चार कोपऱ्यात ड्रिल मारलं, हॅकसॉचं पातं घातलं. सात इंच बाय दोन इंच. एकदम फिट!

मग माझी अक्कल. काळी तार बॉडीले जोडली, जशी सगळे जोडतात. भक्कन धूर! या गाडीत बॉडीले बॅटरीचा प्लस लावलेला आहे, दुनियेच्या उलटं. पॉवर हाऊस बाजारातला केवलराम इलेक्ट्रिशियन पोट धरून हसला. त्यानं तारा उलट्या करून दिल्या अन् स्टीरिओ कुठं बॉडीले टच होऊ नये म्हणून चारी बाजूनं जाड रबर ठासलं. आता आवाज असा येते की पार मरोदा गावापर्यंत जाईन.

काकांले सांगू नको. सरप्राइज आहे.

तुझा लोभ माझ्यावर आहेच, तो असाच चालू ठेव.
तुझा शाम

•

नागपूर
३० ऑगस्ट १९८६

चि. शाम यास अनेक आशीर्वाद.

इंग्लिश मीडियमच्या पोट्ट्यानं दोन पानं मराठीत लिहिली, हे पाहून मी ते पत्र देवाजवळ ठेवणार होते. मग दुसऱ्यांदा वाचलं.

शाम, ती जागा नेमकी कोणती? स्टिअरिंगच्या डावीकडं, गिअरच्या वर, तळहाताएवढी?

तुले कसं माहीत असणार म्हणा. बाबांनी कोणालेच सांगितलं नाही, मलेही आईकडून कळलं. बॉयलरवर तीस वर्षं हातोडे ऐकून बाबांचे कान गेले, हे तर सगळ्यांले माहीत आहे. पण इंजिन ऐकू आल्याशिवाय ते गाडी चालवत कसे होते, हे तू कधी विचारलंस का? डावा तळहात त्या फळीवर टेकवून. गिअर टाकायचा, हात परत फळीवर. इंजिन ओढून राहिलं, ठोकून राहिलं, की आता गिअर बदल म्हणते, ते सगळं त्यांले लाकडातून कळत होतं. म्हणून तर सागवान बसवलं.

ते पॉलिश खराब झालं नव्हतं रे. चौदा वर्षं हात ठेवून ठेवून उडालं होतं.

मी रागावले नाही. मी सांगणारही नाही. सांगायचं तर तूच सांगशील.

काका-काकूंले नमस्कार कळव. जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

•

सेक्टर ६, भिलाई
६ सप्टेंबर १९८६

ताई, सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हापासून मी गॅरेजचं दार उघडलं नव्हतं.

काल उघडलं. कापलेला तुकडा मी बुटाच्या डब्यात ठेवला होता, का ठेवला माहीत नाही. त्यावर हात ठेवून पाहिला. मधे हलका खड्डा आहे, ताई. अंगठ्याची जागासुद्धा कळते. इतक्या रविवारी पुसली मी ती फळी, मले दिसला कावून नाही?

हुडको कॉलनीतल्या एका सुताराले विचारलं, तुकडा परत चिकटवता येईल का म्हणून. तो म्हणे, पातं जितकं खाऊन गेलं तितकी फट राहीन, अन् चिकटवलेलं लाकूड अखंड फळीसारखं थरथरत नाही.

काकांले तीन वेळा लिहिलं. तिन्ही कागद फाडले.

तू मले शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
शाम

•

नागपूर
२४ सप्टेंबर १९८६

चिरंजीव शामसुंदर यास नरहरीकाकाचे अनेक शुभाशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की दसऱ्याला मी भिलाईस येत आहे. नोव्हेंबरात माझे लायसन संपते. पुन्हा काढू नये असे वसुंधरेचे म्हणणे आहे, आणि डोळ्यांचा डॉक्टरही तिच्याच पार्टीत गेला आहे. तेव्हा गाडीची पूजा करून एकदा कुम्हारी गावापर्यंत जाऊन यावे, मग किल्ली कायमची तुझी, असे ठरवले आहे.

झेंडूची फुले घेऊन ठेव. टायरमध्ये हवा पाहून घे.

तुझ्या वडिलांना मी नेहमी म्हणतो, न सांगता गाडी पुसणारा घरात हा एकच निघाला. तुझ्या हाती दिल्यापासून मला तिची काळजी उरली नाही.

आशीर्वाद आहेतच, भेटीत आणखी देईन.
नरहरी

•

सेक्टर ६, भिलाई
१६ ऑक्टोबर १९८६

ती. वसूताईस सा. न.

काका सुखरूप पोचले असतील. त्यांनी तुले काय सांगितलं माहीत नाही, म्हणून मी सगळं लिहितो.

स्टेशनवरच सांगणार होतो. पण काकांले हळू कसं सांगायचं? गॅरेजमधे ते दार उघडून आत बसले, न पाहता डावा हात पुढं नेला, अन् तो स्टीरिओच्या प्लास्टिकवर पडला. तेव्हा मी ओरडलो, काका, मी कापलं. त्यांनी कानामागं हात धरला. मी परत ओरडलो. तिसऱ्यांदा तर शेजारचे भैय्याजी दाढीचा साबण तसाच घेऊन फाटकावर आले, काय कापलं, कोणाले लागलं म्हणून. क्वार्टरच्या साऱ्या लाइनीले कळलं, मग काकांले कळलं.

स्टीरिओ लाव म्हणाले. मी फुल आवाजात लावला. त्यांनी तळहात त्यावर ठेवला, डोळे मिटले. मग गाणं बंद करून इंजिन सुरू करायले सांगितलं. परत हात ठेवला. बराच वेळ. ताई, ते चारी बाजूचं रबर, त्यातून इंजिनची थरथर येणारच कशी?

मग त्यांनी हळद-कुंकू घेतलं. स्टिअरिंगले लावलं, गिअरले लावलं, अन् स्टीरिओलेही लावलं, शेडमधल्या एखाद्या नव्या मशीनले लावावं तसं. माझ्याकडून तो तुकडा मागून घेतला, कुडत्याच्या खिशात टाकला, अन् फिरून डाव्या सीटवर जाऊन बसले. तू चालव म्हणाले.

कुम्हारीपर्यंत मी चालवली. माझा हात गिअरवर होता, त्यांनी त्यांचा हात माझ्या हातावर ठेवला. दर वेळी गिअर बदलायची वेळ आली की एक बोट टकटक करायचं. एकदाही चुकलं नाही. पुलाच्या चढावर तर मले कळायच्या आधी त्यांले कळलं. मी मान खाली घालूनच घरात शिरलो, आई म्हणे एवढा घाम कावून आला.

माझा नमस्कार काकांले सांग, जोरात सांग. अन् माझ्यावरची माया जरा तरी शिल्लक ठेव.
तुझा शाम

ता. क. रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात आहे. गिअरच्या दांड्यातून, तेही माझ्या हाताच्या वरून, त्यांले इतकं सगळं कळत होतं, म्हणजे फळी नसतानाही ते गाडी चालवू शकत होते. मग स्टिअरिंग मले कावून दिलं? मले वाईट वाटू नये म्हणून, की मी केलेल्या त्या भोकाकडं पाहत त्यांले चालवणं झालं नसतं म्हणून? तू त्यांच्याजवळ राहतेस, तुले काय वाटते?