तिसऱ्या भागाचा शेवट आणि दुसरा कंट्रोलर

मी, खाली सही करणारी, वय एकोणसाठ, धंदा बुकबाइंडिंग, राहणार दुकानामागच्या खोलीत, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे; फक्त हृदयाची एक झडप कुरकुर करते आणि ती गुरुवारी बदलायची आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे किती अवघड असते, हे दोन्ही साक्षीदारांना ठाऊक आहे.

कलम एक. दुकान, मागची खोली, कटिंग मशीन, शिकंजा, दाभण, सुया आणि सरसाचे भांडे माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावे. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. घरच्या भांडणात ती कधी पडली नाही आणि आत्याकडे यायची थांबलीही नाही. अट एकच: मशीनचे पाते धार लावायला बाहेर देऊ नये. बाहेरचे लोक पात्याची वाट लावतात.

कलम दोन. कॉमिक्स. लहानपणापासूनचे सगळे साप्ताहिक अंक मी कापडी पुठ्ठ्यात बांधून ठेवले आहेत. मध्यंतरी जुन्या कॉमिक्सचा एक व्यापारी आला होता. त्याने एक खंड उघडला आणि कपाळाला हात लावला. "बाई, कडा कापल्यात तुम्ही. वर शिवलंय. आता ह्याला कोण विचारणार?" मी म्हटले, "वाचणारा." तो चहा न पिताच गेला. हे सर्व खंड गल्लीच्या टोकाच्या वाचनालयाला द्यावेत, पण कुलपात ठेवू नयेत. पाने मळली तर मळू द्यावीत. निसटली तर भाची शिवून देईल. जुन्या चित्रांना नवे भडक रंग फासून पुन्हा छापणाऱ्यांना मात्र ह्यातले एक पानही दाखवू नये.

कलम तीन. माझी मते हीसुद्धा माझी मिळकतच आहे आणि ती भाचीने नीट सांभाळावी. प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण चिकटवणे बंद झाले पाहिजे. त्यात अर्धा सिनेमा जातो आणि मारामारीला वेळ उरत नाही. पैसे मोजून तलवार घ्यायला लावतो तो गेम नव्हे, दुकान आहे. आणि मुखवटा घालून समुद्रावरच्या चाच्यांशी लढणाऱ्या दीपगृहवाल्याच्या तीन सिनेमांत दुसरा भाग सर्वांत सरस आहे. दादाला पहिला आवडतो. दादा चुकतो.

कलम चार. ह्याच दीपगृहवाल्याच्या तिसऱ्या भागाची डीव्हीडी. आधीच्या मसुद्यात मी ती न उघडता जाळा असे लिहिले होते. ते रद्द. कारण सांगणे भाग आहे.

आमच्या घरात नियम होता: कोणी एकट्याने पुढे जायचे नाही. आई, दादा आणि मी, तिघांनी "हं" म्हटल्याशिवाय कॉमिकचे पान उलटत नसे. सिनेमाही तिघांनी मिळूनच पाहायचा. तिसरा भाग आला तेव्हा आई रुग्णालयात होती आणि ती घरी येणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते. दादा पहिल्या खेळाला एकटा गेला आणि तिथून थेट तिच्या खाटेपाशी आला. मी पडद्यामागे तिचे कपडे घडी करत होते, हे त्याला माहीत नव्हते.

"मुखवटा काढला का रे त्याने?" आईने विचारले.

"काढला. वादळ थांबलं. मग तो दिवा विझवून जिना उतरला आणि सरळ घरी गेला. त्याच्या आईने दार उघडलं. म्हणाली, हात धू आणि बस."

"एवढंच?"

"एवढंच."

"चांगलं केलं," आई म्हणाली आणि समाधानाने डोळे मिटून पडून राहिली.

मी पडदा सरकवला. नियम मोडला तो मोडला, वर माझ्या कानांदेखत शेवटही फोडला. "मला बाहेर पाठवून सांगता आलं नसतं का?" मी विचारले. दादाने आईचे पांघरूण सारखे केले. त्याच आठवड्यात आई गेली आणि आमचे बोलणे तेव्हापासून बंद आहे. तो दोन गल्ल्या सोडून राहतो.

परवा मनात आले, भुलीतून उठलेच नाही तर तिसरा भाग न पाहताच जायचे. हे काही पटेना. डीव्हीडीचे पाकीट फोडले. त्या सिनेमात कोणीही घरी जात नाही. दीपगृह कोसळते आणि तो मुखवट्यासकट समुद्रात जातो. त्याची आई दारात वाट पाहत राहते. शेवटची नामावली संपेपर्यंत मी रडत होते. दादाने माझा शेवट फोडलाच नव्हता. त्याने आईसाठी दुसरा केला होता. आणि हे मला सांगायचे तर खरा शेवट फोडावा लागला असता, म्हणून तो इतकी वर्षे तोंड शिवून बसला. असला वेडेपणा आमच्याच घरात होऊ शकतो.

सबब मी जाहीर करते की, दादाने सांगितलेला शेवट हाच तिसऱ्या भागाचा खरा शेवट समजावा. डीव्हीडी त्याला द्यावी.

कलम पाच. जुना व्हिडिओ गेम, दोन कंट्रोलरसह. त्यात आमचा खेळ शेवटच्या दारापाशी सेव्ह करून ठेवला आहे. ते दार दोघांनी एकाच वेळी ढकलले तरच उघडते. मी दुसऱ्या कोणालाही सोबतीला बसवले नाही आणि बसवणार नाही. दुसरा कंट्रोलर दादाचा.

मृत्युपत्र मेल्यावरच वाचायचे असते का, असे मी वकिलीणबाईंना विचारले. "तसा नियम नाही, पण पद्धत आहे," त्या म्हणाल्या. पद्धतीचे मी पाहून घेते. ह्या कागदाची एक प्रत आणि दुसरा कंट्रोलर भाची आजच दादाकडे पोचवील. शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. त्याआधी ते दार उघडायचेच, असे मी ठरवले आहे. दादा, जेवून येऊ नकोस. दार मी उघडीन. हात धू आणि बस.

स्थळ: दुकानामागची खोली
तारीख: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार
सही: आत्या, बुकबाइंडर

साक्षीदार:
१. शेजारची झेरॉक्सवाली (सही). मला ह्यातले काहीही मिळत नाही, म्हणून साक्षीला चालते.
२. वरच्या मजल्यावरचे निवृत्त चित्रकला शिक्षक (सही). खलनायकांबद्दलचे मत मला मान्य नाही.

पोच: प्रत आणि कंट्रोलर मिळाला. पहिला भागच सरस, हे लेखी नोंदवतो. बाकी सर्व कलमे मान्य. अजून जेवलेलो नाही. निघालो. (सही) दादा