फाटकात अडलेला ट्रॅक्टर

आंबिवली, सोमवार

तीर्थरूप दौलतमामा,

भाचा भिवा याचा कमरेतून जमेल तितका वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी पट्टा दिलाय, त्यामुळे साष्टांग फक्त मनातल्या मनात.) कोलशेतला तब्येत कशी आहे? गुडघा थंडीत धरतो का? आमच्याकडे यंदा थंडीने गुडघे सोडून थेट ट्रॅक्टर धरला.

झालं असं, की काल आमच्या कल्पिताला बघायला दिव्याहून माणसं यायची होती. आदल्या संध्याकाळी विटांनी भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर फाटकातच लावून मी जेवायला गेलो, सकाळी आत घेऊ म्हणून. (तुमची सूनबाई ठमा तेव्हाच बोललेली. ती बोलते ते मला नेहमी दुसऱ्या दिवशी ऐकू येतं.) सकाळी चावी फिरवली, तर नुसतं खर्रर्र. शेजारचा पोपट पेटता बोळा घेऊन आला, टाकीखाली धरतो म्हणाला, इंजिनाला ऊब मिळेल. ठमाने त्याच्यावरच बादली ओतली. तेवढ्यात पाहुणे दारात. बाजूला एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट. मुलाची आई मीराबाई भरजरी साडीत त्या फटीतून आत आल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, हे स्थळ गेलं.

पण मुलाचे वडील रघुशेठ आत येईनात. त्यांनी पूर्वी खाडीत बोट चालवलेली, इंजिन दिसलं की त्यांचा पाय निघत नाही. मला पुन्हा चावी फिरवायला लावली आणि म्हणाले, "धुरांड्यातून धूरच नाय. डिझेल पोचत नाय, शेठ." हे ऐकून कल्पिताने पदर खोचला, पाना आणला आणि फिल्टरचा खालचा स्क्रू सोडला. आतून पेलाभर पाणी निघालं! (डिझेलचा कॅन पावसात उघडा कोणी ठेवला, या प्रश्नावर मी पोपटाकडे बघितलं.) मग लाइनमधली हवा काढायची होती. मुलगा मुकुल इंजिनावरचा छोटा हातपंप मारायला बसला, कल्पिता वरचा स्क्रू ढिला करून उभी. आधी फेस, मग बुडबुडे, मग डिझेलची धार थेट मुकुलच्या पांढऱ्या शर्टावर. ती घाबरून स्क्रू आवळायला लागली, तर तो म्हणाला, "थांबा, अजून एक बुडबुडा आहे." मीराबाई पायरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "आता पोहे द्या. बघायचं ते बघून झालं." मामा, ट्रॅक्टर सुरू झाला आणि लग्नही ठरलं. मी फार समाधानात आहे.

तुमच्या घरात थोरही तुम्हीच आणि लहानही तुम्हीच, तेव्हा नमस्कार आणि गोड पापा दोन्ही तुम्हीच घ्या.

आपला,
भिवा

ता. क. : तुमच्याशी खोटं कशाला? हवा काढूनही ट्रॅक्टर सुरू झाला नव्हता. सगळे घामाघूम. पोह्यांची ताटं घेऊन ठमा आली आणि म्हणाली, "आवो, यो दांडा बाहेर कनाला ठेवलाय?" इंजिन बंद करायचा दांडा मी आदल्या संध्याकाळी ओढला होता, तो आत ढकललाच नव्हता. तिने कोपराने ढकलला. पुढच्या चावीला इंजिन धडधडलं. पाणी खरं होतं, हवाही खरी होती, पण मोठा बिघाड मी होतो.

ता. क. दुसरा : थंडीत इंजिन तापवणारा ट्रॅक्टरचा हीटर तपासायला तुमच्याशिवाय कोणी नाही, तेव्हा चार दिवस या, असं ठमाने लिहायला सांगितलंय. हीटर ठणठणीत आहे. मामी गेल्यापासून तुम्ही कामाशिवाय कुणाकडे जात नाही, म्हणून तिने काम शोधलंय. आल्यावर तुम्ही तो उघडून बघा, गंभीरपणे मान हलवा आणि दुरुस्तीला साखरपुड्यापर्यंत वेळ लागेल म्हणून सांगा.