टेप ढिली असेल

पुणे, दि. ९ जून १९८७

ती. सौ. अक्का हीस,
अभिमनचा सा. न. वि. वि.

कारखान्यात दिवसभर करतोस तरी काय, असं तू विचारलंस. नव्या प्रवासी गाडीत इंजिन, टाकी, सीट, स्टेअरिंग एकमेकांना न घासता कुठे बसतील, ते मी कागदावर ठरवतो. प्रत्येक खात्याला दोन इंच जादा हवे असतात आणि सगळ्यांचा राग माझ्यावर निघतो. ड्रायव्हर म्हणून आमच्याकडे प्लॅस्टिकचा एक चपटा माणूस आहे, कंबरेत नि गुडघ्यात वाकणारा. तो परदेशी, त्याला पोटच नाही. म्हणून आपल्याकडच्या ड्रायव्हरांची बसलेली मापं हवी आहेत. स्टँडवरचे चार-पाच जण आणि मुख्य म्हणजे आपले नाना. तीस वर्षं एसटी चालवलेला बाप घरात असताना मी दुसरीकडे कशाला जाऊ? तुझं सासर-माहेर एकाच गल्लीत, तेव्हा तुला अवघड नाही. भिंतीला पाठ टेकवून बसव. भिंतीपासून पोट, भिंतीपासून गुडघा, आणि मांडीची जाडी. एकदा आता घे, एकदा पौषात स्वेटर घालून. थंडीत ड्रायव्हर फुगतो, ते धरावं लागतं.

ती. नाना, आई व भाऊजींस सा. न. माया आहेच, मापं लवकर धाड.

तुझा,
अभिमन

एरंडोल, दि. २ जुलै १९८७

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद.

एवढं शिकून शेवटी माझ्याच धंद्यात आलास. झंपर बेतताना मी जे करते तेच तू लोखंडात करतोस, एवढं मला कळलं. स्टँडवरचे ड्रायव्हर बाईच्या हातची टेप पाहून लाजले, म्हणून ह्यांना पाठवलं. त्यांच्यातला तोताराम तर घाम पुसत बसला होता म्हणे.

नानांनी मात्र जुना खाकी शर्ट चढवला आणि मगच भिंतीला टेकले. पोट पाहून आई हसली, तर म्हणाले की पोऱ्याले सांग, डायव्हरनं पोटबी गाडीमाच बसस. त्यांचं पोट साडेदहा इंच, गुडघा साडेबावीस, मांडी सहा. माझ्या पोराची गाडी येणार, असं त्यांनी सगळ्या स्टँडला सांगून ठेवलंय. आता तू मागे फिरायचं नाहीस.

तब्येतीला जप, आम्हाला विसरू नकोस.

अक्का

एरंडोल, दि. ८ जानेवारी १९८८

चि. अभिमन यास अ. आ.

थंडीतली मापं घेतली. स्टँडवरच्यांची वेगळ्या कागदावर आहेत. नानांची अशी : स्वेटर घालून पोट साडेसात, गुडघा साडेबावीस, मांडी साडेचार. दोनदा घेतली आहेत.

परवा भरीत केलं होतं. नानांनी चव घेतली. दिवाळीलाही तू आला नाहीस. संक्रांतीला ये. तुझं काम माहीत आहे, तरी एका दिवसासाठी येऊन जा.

अक्का

पुणे, दि. १६ जानेवारी १९८८

ती. सौ. अक्का हीस सा. न.

स्वेटर घालून माणूस तीन इंच बारीक होतो, हा शोध एरंडोललाच लागायचा. आमचे साहेबही हसले. नानांनी पोट आत ओढलं, की तुझी टेप ढिली झाली? एकदा तपासून घे, नाहीतर गावातल्या बायकांची झंपरं उसवतील. मी तो आकडा लाल पेन्सिलीने खोडला, जूनचाच धरला आणि वर स्वेटरचा अर्धा इंच दिला.

संक्रांतीला जमलं नाही. फेब्रुवारीअखेर ड्रॉइंग पुढे जाईल, मग पाडव्याला नक्की येतो. तिळगूळ राखून ठेव आणि राग धरू नकोस.

तुझा,
अभिमन

एरंडोल, दि. २४ जानेवारी १९८८

चि. अभिमन यास अ. आ.

तुझं पत्र नानांना वाचून दाखवलं. खूप हसले. टेप जुनी आहे, ढिली झाली असेल. तू आधीचंच माप धर.

अक्का

पुणे, दि. ९ मार्च १९८८

ती. सौ. अक्का हीस सा. न.

तेरावं आटोपून काल कामावर आलो. सगळ्यांनी नानांची चौकशी केली. तार मिळताच निघालो, तरी धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा नाना मला ओळखत नव्हते, हे कुणाला सांगवलं नाही.

निघताना आईने सगळं सांगितलं. पोटात गाठ असल्याचं दिवाळीआधीच कळलं होतं. गाडीचं काम होईपर्यंत मला कळवायचं नाही, अशी नानांनी तुम्हाला गळ्याची शपथ घातली. टेप ढिली असल्याचंही त्यांनीच तुला लिहायला लावलं. तुझ्यावर माझा राग नाही, अक्का. तू शपथ मोडली नाहीस आणि तरीही मला कळवलंस. माप खरं लिहिलंस, दोनदा घेतल्याचं लिहिलंस, एका दिवसासाठी ये म्हणालीस. मीच वाचलं नाही.

टेप ढिली असती तर गुडघ्याचं मापही चुकलं असतं. ते जूनमध्ये साडेबावीस आणि पौषातही साडेबावीस. हाडं तेवढी तशीच राहिली होती. हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. आणि ज्या अक्काने आपल्या शिवणीत कधी कुणाला खोट काढू दिली नाही, तिने टेप ढिली असल्याचं कबूल केलं, तेव्हाच मी पहिली गाडी धरायला हवी होती.

आज तो कागद काढला. लाल रेघेखाली साडेसात अजून वाचता येतं. ड्रॉइंग पुढच्या खात्यात गेलं, गाडी जूनच्या मापावरच होईल. सीट आणि स्टेअरिंगच्या मध्ये नानांच्या पोटाला जागा आहे, वर स्वेटरचा अर्धा इंच.

शिवणाच्या मशीनवर टेप शोधू नकोस, ती मी न विचारता आणली आहे. इथल्या स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. एका सुताचाही फरक नाही.

माया आहेच, असं लिहायला आज हात धजत नाही.

अभिमन