व्हॉलंटियर म्हणजे नेमकं कोण

स्केलथ्वेट,
गुरुवार, १७ जुलै १९५८

प्रिय हॅरिएट आत्या,

तुला माझा आदरपूर्वक नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला विशेष नमस्कार. (डावा आता बरा आहे असं तू मागच्या पत्रात लिहिलंस, म्हणून त्याला साधाच.) मांजरीची पिल्लं ठरल्याप्रमाणे वाटली गेली का, की तुझ्याच शिवणाच्या टोपलीत मुक्कामाला आहेत? मी बरी आहे. शाळेतली मुलं आता मला 'नवी बाई' न म्हणता नुसतं 'बाई' म्हणतात. जूनमध्ये मी दाढ काढून घेतली, आणि पुढचं सगळं त्या दाढेपासून सुरू झालं.

मी पाच वर्षांची असताना तू मला तुमच्या स्वयंपाकघरात वाचायला शिकवलंस. पाव मळता मळता रोज एक शब्द द्यायचीस, आणि अर्थ चुकला की पिठाच्या हातांनी कोशाकडे बोट दाखवायचीस. 'व्हॉलंटियर' त्यातलाच. कुणी भाग न पाडता, आपणहून पुढे होऊन काम अंगावर घेणारा माणूस, असा अर्थ मी पाठ केला आणि वीस वर्षं काळजीपूर्वक वापरला. आत्या, तो अर्थ चुकीचा आहे. (तुझी चूक नाही. कोश करणारी मंडळी स्केलथ्वेटपर्यंत पोचलीच नसावीत.) व्हॉलंटियर म्हणजे सभेला न आलेला माणूस.

दाढ काढायला मी शहरात गेले, त्याच संध्याकाळी गावच्या प्रदर्शनाच्या कमिटीची सभा होती. परत येताना गालाला रुमाल बांधलेला, आणि अध्यक्ष मिस्टर ऑकरॉइड त्यांच्या फाटकावर रेलून उभे. म्हणाले, "अभिनंदन, पोरी! रासबेरीच्या जामची परीक्षक म्हणून तू व्हॉलंटियर झालीस."

"पण मी तर तिथे नव्हतेच!"

"तेच तर."

मी त्यांना शब्दाचा खरा अर्थ सांगितला. (रुमालातून सांगितला, पण सगळा सांगितला.) त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी चौदा वर्षं अध्यक्ष आहे," ते म्हणाले. "का, माहितेय? निवडीच्या संध्याकाळी माझी गाय विताना अडली होती."

"मग सोडून का देत नाही?"

"सोडेन की! पण त्यासाठी आधी दुसरं कुणीतरी गैरहजर राहायला नको का? मेले सगळे येतात!"

हे मात्र खरं. मी उपस्थितीची वही पाहिली. एवढी हजेरी माझ्या वर्गात परीक्षेच्या दिवशीसुद्धा नसते. दोन हिवाळ्यांपूर्वी पोस्टातल्या मिस बर्टव्हिसल यांना या वयात गोवर निघाला, तर त्या बर्फात सभेच्या खोलीच्या खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि दर पाच मिनिटांनी 'हजर!' म्हणून ओरडत राहिल्या.

आता अडचण अशी. जामचं पहिलं बक्षीस अकरा वर्षं याच मिस बर्टव्हिसलना मिळतं. दुसरं अकरा वर्षं मिसेस पिकर्सगिलना, आणि मिसेस पिकर्सगिल माझ्या घरमालकीण. म्हणजे मालकिणीला पहिलं दिलं तर सगळं गाव म्हणणार, बाई न्याहारीला विकली गेली. नाही दिलं तर उरलेलं वर्ष त्या न्याहारीला मला सामोरं जायचंय. शिवाय माझी सगळी पत्रं मिस बर्टव्हिसलच्या हातून जातात आणि त्या पाकिटं उजेडाकडे धरून बघतात. (म्हणून हे पत्र मी चार मैल चालून शेजारच्या गावात टाकते आहे.) तू मला प्रामाणिक वाढवलंस, म्हणून आणखी एक कबूल करते. मी व्हॉलंटियर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटलीत एकाऐवजी दोन अंडी येऊ लागली. मालकीण एवढंच म्हणाल्या, "खा गं, खा. जिभेला चव यायला पोटात बळ लागतं." पहिले तीन दिवस मी दुसरं अंडं परत केलं. चौथ्या दिवशी अर्धं खाल्लं. त्या अर्ध्या अंड्याने माझी झोप उडवली आहे. आता मी कुठलाही निकाल दिला तरी तो माझा आहे की अंड्याचा, हे मला स्वतःलाच खात्रीने सांगता येणार नाही.

पण काळजी करू नकोस. मंगळवारी जुलैची सभा झाली. मी सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या खुर्चीवर बसले. नियमांचं पुस्तक आदल्या दिवशी दोनदा वाचून ठेवलं होतं. अर्ध्या अंड्याची हकीकत मी उभं राहून सांगितली. मिसेस पिकर्सगिल छताकडे पाहत होत्या, मिस बर्टव्हिसल माझ्याकडे. परीक्षक बदलावा असं एकमताने ठरलं. आता मला पूर्ण खात्री आहे की निकाल न्याय्य लागेल, आणि मी या गावात ताठ मानेने राहू शकेन.

तुझ्या गुडघ्यांना जप. पिल्लांना गोंजार.

तुझी,
हेस्टर

ता. क. परीक्षक गावाबाहेरचा असला तरी चालतो, असं नियम सात सांगतो. नवा कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मी तुझं नाव घेतलं. मिस्टर ऑकरॉइड यांनी विचारलं, "तुझी आत्या आज सभेला आलीय का?" मी खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, "मग ठरलं."

ता. क. २. नकार द्यायचा असेल तर सभेत समक्ष यावं लागतं. पुढची सभा पाच ऑगस्टला आहे. प्रदर्शन दोनला. तुझी बस सव्वादहाला निघते, मी चौकशी केली आहे.

ता. क. ३. तू मिसेस पिकर्सगिलकडेच उतरशील. न्याहारीला दोन अंडी येतील. दुसऱ्याला हात लावू नकोस.